मदत हवी आहे: वांग आणि तेलकट त्वचेसाठी सनस्क्रीन

मैत्रिणींनो, जरा सल्ला द्या. वय ३८, त्वचा तेलकट, दोन्ही गालांवर वांग. रोज अकराच्या उन्हात स्कूटीवरून ऑफिसला जाते, स्कार्फ बांधूनही नाक-कपाळ रापतंच.

गेल्या महिन्यात एक जेल सनस्क्रीन घेतलं. एसपीएफ ५० (यूव्हीबी किरणांपासून संरक्षणाचा आकडा), पीए++++ (यूव्हीए किरणांपासून संरक्षणाची खूण). लावायला छान, पण घाम आला की डोळ्यांत उतरतं आणि सिग्नलला डोळे चोळत उभी! मग ट्यूबमागची बारीक अक्षरं मोबाइलने झूम करून वाचली. अ‍ॅव्होबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही ऊन अडवणारी रसायनं, दोन्ही आहेत. वाचलं होतं की अ‍ॅव्होबेन्झोन उन्हात हळूहळू निकामी होतं आणि ऑक्टिनॉक्सेट सोबत असेल तर आणखी लवकर. शिवाय 'फ्रेग्रन्स' आहेच. तोंडाला अत्तर कशाला हवंय कुणास ठाऊक.

एसपीएफच्या आकड्याला मी आता भुलत नाही. ३० ने साधारण ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडतात, ५० ने ९८. वांगासाठी यूव्हीए (त्वचेत खोलवर जाणारे अतिनील किरण) आणि दिसणारा प्रकाशही अडायला हवा, म्हणून तो प्रकाश अडवणाऱ्या आयर्न ऑक्साइड या रंगद्रव्याचं टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, घ्यावं म्हणते.

पण झिंक ऑक्साइडवालं (ऊन अडवणारी पांढरी खनिज पूड असलेलं) एक आधी वापरलंय, सावळ्या रंगावर अगदी राख फासल्यासारखं दिसायचं. चेहऱ्याला सांगतात तेवढं, दोन बोटं भरून लावलं की विचारूच नका.

तर गव्हाळ-सावळ्या रंगावर पांढरं न दिसणारं, डोळ्यांना न झोंबणारं टिंटेड सनस्क्रीन कुणी वापरतंय का? आणि दुपारी पुन्हा लावताना आधी तोंड धुता की नुसतं टिपून घेता?