विषय: बायकोची पहिली मोटरसायकल, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या तयारीची चर्चा चालू असताना मध्येच वेगळं विचारतोय, सांभाळून घ्या.

माझी बायको ४१ वर्षांची. कॉलेजात असताना पुण्यात आईची जुनी कायनेटिक होंडा चालवायची, अगदी लक्ष्मी रोडच्या गर्दीतसुद्धा. इथे इंग्लंडमध्ये रेडिंगला आल्यापासून १२ वर्षं फक्त कार. गेल्या महिन्यात तिने सीबीटी केलं, म्हणजे शिकाऊ चालकाने एकटं रस्त्यावर जाण्याआधीचं सक्तीचं प्रशिक्षण. पहिल्या दिवशी पूर्ण झालं नाही, प्रशिक्षकाने परत बोलावलं, ते तिच्या मनाला लागलंय. आता तिला स्वतःची गाडी हवी आहे, आणि गिअरचीच. होंडा सीबी१२५एफ मनात आहे. मी आयुष्यात मोटरसायकल चालवलेली नाही. नवी घ्यावी की जुनी? एल-प्लेट असताना मागे बसता येत नाही, मग मी मदत तरी कशी करू? खरं सांगतो, काळजी वाटते.

रेडिंग

---

दादा,

परत बोलावलं ते उत्तमच झालं, वहिनींना आवर्जून सांगा. सीबीटीत पास-नापास नसतंच. एकटं रस्त्यावर सोडता येईल असं वाटलं की सर्टिफिकेट देतात. घाईने न देणारा प्रशिक्षक भेटला, हे चांगलंच की.

गाडी जुनी घ्या. सुरुवातीला गाडी आडवी होते, आणि होते ती बहुतेक जागच्या जागी, यू टर्न घेताना. आरसा नाहीतर क्लचची लिव्हर मोडते. नव्या गाडीचं तसं झालं की जीव तुटतो. सीबी१२५एफ चांगली आहे, सध्याचं मॉडेल ११७ किलोच भरतं. सीट ७९० मिलिमीटरवर, तेव्हा आधी बसून पाय नीट टेकतात का बघा. वाचलेले पैसे जॅकेट, हातमोजे, बूट आणि हेल्मेटवर घाला. हेल्मेट पुण्याहून मागवू नका, नुसता आयएसआयचा शिक्का इथे चालत नाही. कुणाचं वापरलेलंही नको.

आता महत्त्वाचं. मीही स्कूटीवरूनच आले, म्हणून सांगते. स्कूटरला डाव्या हातात मागचा ब्रेक असतो, मोटरसायकलला तिथे क्लच. समोर कुणी आडवं आलं की डावा हात जुन्या सवयीने आवळतो. क्लच दाबला जातो, इंजिनाचा अटकाव सुटतो आणि गाडी तशीच पुढे जाते. हे डोक्याला कळून उपयोग नाही, हाताला कळावं लागतं. रिकाम्या जागी रोज वीस मिनिटं: पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, आणि क्लच अगदी थांबता थांबता. हळू वळताना मात्र पुढच्या ब्रेकला हात नको, हाफ क्लच आणि पायाचा ब्रेक.

आणखी एक, वळून झालं की इंडिकेटर स्वतः बंद करायचा, कारसारखा तो आपोआप बंद होत नाही.

सीबीटी दोन वर्षं चालतं. तेवढ्यात थिअरी, मॉड वन (मैदानातली परीक्षा), मॉड टू (रस्त्यावरची परीक्षा) उरकून घ्या, म्हणजे एल-प्लेट जाईल आणि मोटरवेही मोकळा.

लेस्टर

---

ताई, मी स्वतःच लिहिते.

तुमची मेल वाचली आणि थांबलेच. पहिल्या दिवशी माझं नेमकं हेच झालं होतं. प्रशिक्षकाने हात वर केला, मी डावा हात घट्ट आवळला आणि गाडी त्याच्या शेजारून पुढे निघून गेली. मला वाटलं वय झालं, आता हे व्हायचं नाही. वीस वर्षांपूर्वीची कायनेटिक अजून हातात आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

गाडी घेतली. सहा वर्षं जुनी, काळी, टाकीवर एक ओरखडा. ह्यांच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये परवानगी काढून रविवारी सकाळी जातो. हे बाजूला उभे राहून अचानक रुमाल खाली टाकतात, मी थांबायचं. पहिल्या चारही वेळा डावा हात आधी गेला. मग मी डाव्या हातमोज्यावर पांढऱ्या चिकटपट्टीने "थांब" लिहून घेतलं. काल अकरापैकी नऊ वेळा बरोबर थांबले. रुमाल पडल्यावर आता ह्यांचा चेहरा बघायलाही फुरसत मिळते, इतका वेळ हाताशी राहतो.

उजवीकडचा यू टर्न मात्र अजून नाही जमत, पाय खाली जातोच, आणि मॉड वनला ते चालत नाही म्हणे. नजर कुठे ठेवायची, तेवढं सांगाल?