धागा: बुजून जाणारं काम – घराच्या छोट्या दुरुस्त्यांत काय तपासायचं?

गच्ची, वायरिंग, उन्हाला आडोसा अशा किरकोळ कामांत फरशी-गिलाव्याखाली बुजतं तेच पुढे त्रास देतं. ज्याचा हात ज्या कामात, त्याने नेमकं लिहावं. मापांसकट.

—

गच्चीपासून सुरुवात. पांढरा उष्णतारोधक रंग ऊन परतवतो, गळती थांबवत नाही. त्यामुळे आधी उतार बघा: मीटरमागे किमान १ सेंमी, पन्हळीच्या तोंडाकडे. स्लॅब उन्हात फुगतो, रात्री आकसतो, आणि पहिली भेग कठड्याच्या कोपऱ्यात पडते. म्हणून तिथे काटकोन न ठेवता सिमेंट-वाळूची गोलाई भरून घ्या. गवंडी तिला वाटा म्हणतात. वॉटरप्रूफिंगचा थर या वाट्यावरून कठड्यावर वीतभर तरी चढला पाहिजे. मजूर तो कोपऱ्यातच थांबवतात, आणि वर कोबा (सिमेंट-काँक्रीटचा थर) पडला की कुणाला कळतही नाही.

थर वाळल्यावर पन्हळीचं तोंड बंद करून ४८ तास पाणी तुंबवा. पातळी थोडी उतरली तर घाबरू नका, उन्हाने उडतंच. बघायचं ते खालचं छत. ते कोरडं असेल तरच कोबा किंवा टाइल्स. रंग सगळ्यात शेवटी, दोन हात, एकमेकांना आडवे.

—

वरच्यात भर: ५ सेंमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन. जुन्या स्लॅबवर फार उत्साह नको. आणि पांढरा रंग वर्षातून एकदा धुवा. धूळ बसली की त्याचा उपयोग निम्मा गेलाच म्हणा.

—

उन्हाचा आडोसा खिडकीच्या बाहेरून हवा. आतला पडदा तापतो तेव्हा ऊन काच ओलांडून आलेलं असतं. ती उष्णता खोलीतच राहते. पश्चिमेला छज्जा अपुरा पडतो, कारण संध्याकाळचं ऊन तिरपं खाली उतरतं. तिथे उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून सोडायची जाळी लावा.

छज्जा नव्याने ओतत असाल तर त्याच्या पोटाला, कडेपासून दोन-तीन बोटं आत, १० मिमीची सलग खाच मागा. एरवी पाणी पोटाला चिकटून भिंतीपर्यंत सरकतं. खाच आली की थेंब होऊन खाली पडतं. रंगाऱ्याला आधीच बजावा, नाहीतर तो हौसेने पुट्टी भरून खाच गुळगुळीत करतो.

—

वायर तांब्याची: दिवे-पंख्यांना १.५, साध्या सॉकेटना २.५, गीझर-एसीला स्वतंत्र ४ चौरस मिमी. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. भिंतीतले पाइप उभे किंवा आडवेच न्या. तिरप्या पाइपात पुढे कुणीतरी ड्रिल घालणारच. गिलाव्याआधी मोजपट्टी भिंतीला धरून फोटो काढा.

—

पैशांचं. काम अंगावर, म्हणजे ठोक रकमेत, देत असाल तर कागदावर थरांची संख्या, जाडी आणि मालाचं नाव येऊ द्या. ‘वॉटरप्रूफिंग करणे’ एवढंच लिहिलं तर एक हातही चालून जातो. मोजता येणारं काम मापावरच द्यावं. उचल मालापुरती, आणि १० टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा.

शिवाय गिलाव्यावर ७ दिवस पाणी कोण मारणार, हेही लिहून घ्या. ठेकेदार समजतो मालक मारेल, मालक समजतो ठेकेदाराचा माणूस येईल, आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवर केसासारख्या भेगा उमटलेल्या असतात.