साग्रादा फमिलिया: काचांचा रंग फोटोत कसा उतरवायचा?

ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाला जातेय. तिथल्या साग्रादा फमिलिया या चर्चच्या तिकिटावर वेळ निवडावी लागते. फोटोंसाठी सकाळची घेऊ की दुपारची? मिररलेस कॅमेरा आणि १६-३५ मिमी वाइड लेन्स आहे. ट्रायपॉड चालेल का?

प्रतिसाद:
ट्रायपॉड लावू देत नाहीत. खांबाला पाठ टेकून उभ्या राहा, आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारी सेटिंग) १६००पर्यंत बिनधास्त न्या.

प्रतिसाद:
ताई, दुपारी चारची घ्या. काचकलाकार जोआन व्हिला-ग्राउ यांनी खिडक्यांच्या काचांचे रंग उन्हाच्या दिशेने वाटलेत: पूर्वेला निळे-हिरवे, पश्चिमेला लाल-केशरी. सकाळ शांत असते, पण संध्याकाळी ऊन तिरपं होतं आणि तो केशरी रंग खांबांवर चढत जातो. ते बघायलाच हवं! चर्चचा वास्तुकार गौदी याचे खांब वर झाडासारखे फांद्या फोडतात आणि मधलं छत ४५ मीटरवर आहे, त्यामुळे कॅमेरा उभा धरा.

व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर मुळीच ठेवू नका. कॅमेरा केशरी छटा 'सुधारायला' जातो आणि सगळं फिकट पडतं. 'डेलाइट' ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा ते) काचेवरून घ्या. सावल्या नंतर उजळता येतात, पांढरी फटक पडलेली काच परत येत नाही. आणि नुसत्या खिडक्यांमागे लागू नका. खरा फोटो समोरच्या दगडावर पडलेल्या रंगात आहे.

प्रश्नकर्ती:
चारचं बुक केलं. लाल बाजू पाठीशी ठेवून दगडच टिपते आधी. मनापासून आभार!