सेंट आधी, पोत मग

एका ताईंनी विचारलं, लग्नात सेंट मारला आणि एक ग्रॅमवाली पोत मानेकडून काळी पडली, दुकानदारानं फसवलं का? फसवलंच असेल असं नाही बाप्पा. एक ग्रॅमवाली म्हणजे आत पितळ किंवा तांबं, वर सोन्याचा नुसता मुलामा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, त्यात घाम आणि सेंट एकत्र झाले की तो थर लवकर उडतो. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, त्याला फार धोका नाही. सेंटचा चिकट थर बसून चमक तेवढी जाते.

जपायचा तो मोती. नथीतला असो की चिंचपेटीतला, मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. सेंटनं एकदा त्याचं पाणी (चमक) उतरलं की सोनारही ते परत आणू शकत नाही. आणि कोणी लिंबू-चिंचेनं घासा म्हणालं तर मुळीच ऐकू नका, आंबटानं मोती झिजतो. सेंट मारा, अंगावर सुकू द्या, साडी नेसा, दागिने सगळ्यात शेवटी. घरी आल्यावर किंचित ओल्या मलमलच्या फडक्यानं पुसा, दोरा वाळेपर्यंत माळ आडवी ठेवा. ओली टांगली तर दोरा ताणतो.

सेंट पदरावर मारायचा म्हणाल, तर रेशमावर डाग पडतो बरं.