मूल रडत आलं की हेल्पलाइनचा नंबर देऊन मोकळं व्हायचं?

दौत-टाक:
कालच्या धाग्यात एका प्राध्यापकांनी लिहिलं, ‘आम्ही शिकवायला आहोत. विद्यार्थी रडत आला तर हेल्पलाइनचा नंबर द्यावा आणि बाजूला व्हावं. अर्धवट ज्ञानाने हात घातला तर बिघडतंच.’ त्याला बऱ्याच जणांनी दुजोरा दिला, म्हणून सविस्तर लिहिते.

उपचार तुम्ही करा असं कुणीच म्हणत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण चार रात्री न झोपलेला मुलगा खोलीवर जाऊन तो नंबर फिरवेल हे गृहीत कसं धरता? समोर बसवून लावून द्या. बोलणं सुरू झालं की बाहेर थांबा, निघून जाऊ नका.

त्याआधी स्टाफरूममध्ये चौघांसमोर विचारणं बंद करा. रिकामा वर्ग बघा, दार अर्धं उघडं ठेवा. ‘टेन्शन आहे का?’ असं विचारलं की ‘नाही सर’ एवढंच उत्तर येतं. जे दिसलं ते सांगा: ‘तीन आठवडे प्रॅक्टिकलला नाहीस, जर्नल आलं नाही, मेसमध्ये दिसत नाहीस.’ मग गप्प बसा. जगण्यात अर्थ नाही असं काही कानावर आलं तर सरळ विचारा, ‘आत्महत्येचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडायचं नाही. रेक्टरना कळवून, कुणीतरी सोबत जाऊन, जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात न्यायचं. रात्र असेल तर कॅज्युअल्टीत.

सह्यकडा:
हे सगळं करायचं कुणी? निम्मे विभाग तासिका तत्त्वावर चालतात. सीएचबीवाल्याला, म्हणजे अशा तासिकेवरच्या शिक्षकाला, तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने रखडतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला मेंटॉर-विद्यार्थी प्रमाण दाखवायचं म्हणून त्याच्याच नावावर साठ मुलांची यादी चिकटवतात. फॉर्मवर सह्या झाल्या की फाइल कपाटात. आधी पूर्णवेळ जागा भरा, मग रिकाम्या वर्गात तास-तास बसायला सांगा.

निळी शाई:
भरतीचा प्रश्न खरा आहे, पण तो सुटेपर्यंत थांबायचं का? 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. सर्वाधिक महाराष्ट्रातल्या, 1,764. आणि ‘आमचं काम नाही’ हा मुद्दा आता उरलेलाच नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक हवा आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. त्यात शिक्षकेतरही आले. अचानक ‘नाव कमी करायचंय, टीसी द्या’ म्हणणारा मुलगा सगळ्यात आधी खिडकीवरच्या क्लार्कला दिसतो. त्याने फॉर्म पुढे सरकवण्याआधी ‘कुणाशी बोललास का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

चौथा_मजला:
एवढा खटाटोप कशाला? पहिला फोन आईवडिलांना. मूल त्यांचं आहे. उद्या काही झालं तर ‘आम्हाला का कळवलं नाही’ म्हणून तेच जाब विचारतील.

दौत-टाक:
हा सरसकट फोन घातक आहे. मुलगी परजातीतल्या मुलाशी बोलते म्हणून घरी मारहाण होत असेल, तर तुमच्या फोननंतर दोन दिवसांत तिला गावी नेतात, शिक्षण सुटतं. मुलगा समलिंगी असेल आणि घरी माहीत नसेल तर? आधी त्या मुलाला-मुलीला विचारा, ‘घरातलं कोण चालेल?’ मावशी, मोठी बहीण, चुलतभाऊ, ज्याचं नाव घेईल त्याला बोलवा.

चौथा_मजला:
आणि कुणाचंच नाव घेतलं नाही तर? गच्चीवर चढलेल्या मुलाची परवानगी घेत बसणार? बाहेरून तत्त्वं सांगणं सोपं आहे, पंचनाम्याला उभं राहावं लागतं ते कॉलेजला.

निळी शाई:
तुम्ही दोघं वेगवेगळ्या प्रसंगांवर भांडताय. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलंय, पण जिवाला धोका असेल तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. शिक्षकानेही तोच दंडक पाळावा. जिवावर बेतलेलं असेल तर घरी कळवा, पण तुम्ही कळवताय हे त्या मुलाला आधी सांगून. घरातूनच मारहाण असेल तर दुसरा विश्वासाचा माणूस शोधा. एरवी संमतीशिवाय नाही.

अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे. म्हणून ‘कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द सुरुवातीला देऊच नका. तो मोडला की ते मूल पुन्हा कुणापाशी तोंड उघडत नाही.

चौथा_मजला:
जिवाला धोका असताना कळवायचं, हेच मी म्हणत होतो. बाकीच्या वेळी थांबायला हवं हे मान्य, पण धोका आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकू नका. आणि पोलिसांचं काय? प्रयत्न केलेल्या मुलावरच केस होईल म्हणून हॉस्टेलं दवाखान्यात न्यायला कचरतात.

निळी शाई:
2017 च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 वाचा. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं, तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. या भीतीपायी उपचाराचे तास वाया जातात.

सह्यकडा:
कायदे कळले. पण बहुतेक मुलं ज्याने खचतात ते तर आपल्याच ऑफिसात असतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती अडकली म्हणून हॉल तिकीट रोखायचं, थकबाकीसाठी मूळ कागदपत्रं दाबून ठेवायची. ती ठेवून घ्यायला यूजीसीची मनाई आहे, तरी ठेवतात. महिनाभर आजारी असलेल्याला 75 टक्के हजेरीच्या यादीत नापास करायचं आणि मग त्यालाच समुपदेशकाकडे पाठवायचं, याला आधार म्हणत नाहीत.

दौत-टाक:
इथे तुमच्याशी पूर्ण सहमत. बोलणं झाल्यावर अर्धं काम कागदांचंच असतं. वैद्यकीय दाखला जोडून हजेरीसवलतीचा अर्ज, अंतर्गत गुणांसाठी पुन्हा सबमिशनची तारीख, फीचे हप्ते. प्रत्येक टेबलावर त्याला सगळी कहाणी सांगायला लावू नका. विभागप्रमुखांची ‘वैद्यकीय कारण’ एवढीच चिठ्ठी पुरते. नोंद ठेवायची तर तारीख, तो काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत, आणि तुम्ही काय केलंत. ‘डिप्रेशन’ वगैरे निदान लिहायचं नाही आणि विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एक अक्षरही नाही.

सह्यकडा:
ठीक, चिठ्ठी आणि नोंद सीएचबीवालाही करू शकतो. पण मेंटॉरिंगचा आठवड्याचा एक तास वेळापत्रकात लावा आणि त्याचे पैसे द्या. फुकटात मागाल तर पुन्हा सह्यांचीच फाइल होईल.

दौत-टाक:
लावाच. त्या तासात पहिलं काम हे ठेवा: दवाखान्यात नेलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी भेटायचं, आणि आठवड्याने पुन्हा विचारायचं की पुढची तारीख मिळाली का, गोळ्या चालू आहेत का, सोबत कोण येणार आहे. बहुतेक ठिकाणी दोरा तिथेच तुटतो.