मदत हवी आहे: भ्रष्टाचार निर्देशांकाचा १९९५ पासूनचा आलेख

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणारी संस्था १९९३ मध्ये बर्लिनला सुरू झाली, संस्थापक पीटर आयगेन. तिच्या इतिहासावरच्या टिपणासाठी तिच्या भ्रष्टाचार निर्देशांकाचा (वेगवेगळ्या सर्वेक्षणांवरून देशांना दिलेले गुण; जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार) आलेख काढायचा आहे, आणि गाडी २०१२ पाशी अडते. त्याआधी गुण १० पैकी, नंतर १०० पैकी. मोजण्याची पद्धतही बदलली. सरसकट दहाने गुणलं की न्यूझीलंड १९९५ च्या ९५.५ वरून २०१२ मध्ये ९० वर येतो. ही घसरण खरी नाहीच! क्रमांक घ्यावेत तर पहिल्या यादीत देश फक्त ४१, पुढे १८० च्या घरात.

दोन वेगळे आलेख काढावेत, की एकाच आलेखात २०१२ ला रेघ तोडावी? आणि १९९५ ते २०११ चे देशवार तक्ते, प्रत्येक देशासाठी किती सर्वेक्षणं वापरली त्या आकड्यासकट, एकत्र कुठे मिळतील? तो आकडा नसेल तर गुणांवर किती विसंबायचं तेच ठरत नाही.