मदत हवी आहे : भाचा बोलत नाही, शाळेत जात नाही

चाकणचा_मामा : दोन महिने झाले, भाचा कुणाशी बोलत नाही. रात्री झोपत नाही, शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसतो. दसऱ्यानंतर बहीण ऊसतोडीच्या टोळीसोबत निघणार, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले आहेत. त्याला सोबत धाडू की ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात ठेवू? लवकर सांगा.

रानवाट : वय? जिल्हा? वडील कुठे असतात? दोन महिन्यांपूर्वी काय झालं?

फडातला : सोबत नकोच. चौथी ते सहावी मी कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत काढली. पहाटे आईबाप उसाच्या फडात, मी धाकटीला सांभाळायचो. गावी परतलो की वर्गातलं काही कळायचं नाही.

गुरुजी_निवृत्त : आमच्या गावचं वसतिगृह म्हणजे शाळेत जेवण, झोपायला आजीकडेच. नेलंच तर तिकडच्या शाळेत दाखवायला इथल्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे.

गोदाकाठ : मोबाइल काढून घ्या. पुतण्याचं असंच होतं.

रानवाट : मोबाइलचं त्यांनी लिहिलंय कुठे? आधी दुखणं तर कळू द्या.

चाकणचा_मामा : सहावीत आहे. बीड. श्रावणात दाजींनी जीव दिला. यानेच आधी पाहिलं. लिहवत नव्हतं.

नियमावली : मामाला दत्तक घ्यायचं असेल तर 'कारा'वर, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते.

फडातला : आई आहे की त्याला! दत्तकाचं कुणी विचारलं?

रानवाट : मामा, वसतिगृहाचं नंतर. आधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. आज रात्रीच १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि ‘आता तूच घरातला कर्ता’ असं त्याला कुणी म्हणत असेल तर थांबवा. माझ्या भावाला आम्ही तेच म्हणत राहिलो. पोरगं वर्षभर रडलं नाही.

चाकणचा_मामा : आजी रोज तेच म्हणते.

गुरुजी_निवृत्त : बालसंगोपन योजनेचा अर्जही करा. एक पालक गेलेल्या मुलाला महिना २२५० रुपये. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जा, बाल कल्याण समिती मंजुरी देते. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड सोबत ठेवा.

चाकणचा_मामा : रात्रपाळी संपली की निघतो. पण बहिणीला थांबवू कसं? नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम म्हणतो, अर्धा कोयता तर अर्धा, एकटीने यावंच लागेल.

फडातला : उचल किती? कागदावर अंगठा कुणाचा, दाजींचा की बहिणीचा?